जवाची पेज

माझे वडील दमणला एका लहानशा बिअरच्या कारखान्यात कामाला होते. ही गोष्ट सुरतेतल्या आमच्या गोडादऱ्याच्या गल्लीत कुणालाच माहीत नव्हती. माय सगळ्यांना सांगायची की ते वापीला बिस्किटाच्या कारखान्यात आहेत. शनिवारी आप्पा घरी आले की त्यांच्या कपड्यांना, केसांना खरोखरच भाजलेल्या बिस्किटासारखा वास यायचा, त्यामुळे ते खोटं खपून जायचं. शेजारच्या काकूंनी एकदा मला विचारलं होतं की तुझे आप्पा तुटका माल का आणत नाहीत घरी, पोरं खातील तरी. मी मालक फार कडक आहे असं सांगून टाकलं.

आप्पा मूळचे कापडाचे लूम चालवणारे. धुळ्याकडून सुरतेला आले ते लूमसाठीच. प्लेगच्या दिवसांत सगळी सुरत रिकामी झाली तेव्हा आम्हीही गाठोडी बांधून गावी गेलो होतो. परत आलो तर त्यांच्या कारखान्याला कुलूप होतं आणि मालकाने मशीन विकायला काढली होती. तीन-चार महिने ते रोज डबा घेऊन बाहेर पडायचे आणि डबा तसाच घेऊन परत यायचे. मग गावाकडच्या कुणीतरी दमणचं काम सांगितलं. कारखान्याचे मालक म्हातारे पारशी शेट होते. बाकीचे कारखाने तयार माल्ट, म्हणजे मोड आणून सुकवलेले जव, उत्तरेकडून पोत्यांनी मागवत, पण या शेटना जव आणून स्वतःच माल्ट करायची हौस होती. त्यासाठी त्यांनी एक मोठी थंड खोली केली होती. त्या खोलीत आप्पा लागले.

मायसाठी ते काम म्हणजे शिक्षा होती. तिचे वडील, माझे आजोबा, दारूने गेले होते, आणि तिचा एकुलता धाकटा भाऊ त्याच वाटेवर होता. लग्नाआधी तिने आप्पांबद्दल एकच चौकशी करवली होती, पितो का. आप्पांनी आयुष्यात थेंब घेतला नाही. तरी पहिल्या शनिवारी ते घरी आले तेव्हा तिने त्यांचे कपडे अंगणातल्या वेगळ्या बादलीत टाकले आणि म्हणाली, "तुम्ही पेतस नही, पन लोकेसले पाजतस." त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही. बादली मात्र वेगळीच राहिली.

माझ्याशी ते कामाबद्दल बोलायचे. मी तेव्हा आठवीत होते, आणि रविवारी दुपारी माय झोपली की ते हळू आवाजात सांगायचे. जव दोन दिवस हौदात भिजवायचे, मधे मधे पाणी बदलायचं. मग थंड फरशीवर वीतभर थर पसरायचा आणि लाकडी फावड्याने दर थोड्या वेळाने खालीवर करायचा, नाहीतर आत गरमी धरते आणि मुळं एकमेकांत गुंततात. पाचेक दिवसांत दाण्याला पांढरी मुळं फुटतात. दाणा बोटांत चोळला की खडूसारखा पसरला पाहिजे. दाण्याला वाटतं आपण मातीत पडलोय, म्हणून तो आतल्या पिठाची साखर करायच्या तयारीला लागतो, कोंबाला खायला. बरोबर त्या वेळी त्याला थांबवायचं. जाळीवर टाकून खालून गरम हवा सोडायची, हळूहळू. एकदम आच वाढली तर सगळं काम मातीत. सुकलं की मुळं चाळून काढायची, ती गायीम्हशींना जायची. उरतो तो माल्ट. फिकट माल्टची फिकट बिअर होते. शेट हौसेने थोडा माल्ट लोखंडी पिंपात कॉफीसारखा काळा भाजून घ्यायचे आणि त्याची थोडीशीच, काळसर बिअर करायचे. तो कधी उतरवायचा ते आप्पांना वासावरून कळायचं.

"आणि बिअर?" मी विचारायची.

"ते पुढच्या खोलीत," ते म्हणायचे. "ते दुसऱ्या लोकांचं काम."

दिवाळीनंतर माय गावी गेली आणि मामाला घेऊन आली. मामी मुलाला घेऊन माहेरी निघून गेली होती आणि मामा एकटाच घरात पडून असायचा. गुजरातमध्ये दारूबंदी, दमणसारखी उघड दारू मिळत नाही, म्हणून हा इथे सुधारेल असा मायचा हिशेब होता. आमच्या गल्लीमागे चोरट्या दारूच्या पिशव्या, पोटल्या, विकणारी बाई बसायची हे तिला ठाऊक होतंच, पण ठाऊक नसल्यासारखं ती करायची, आणि मामाला दाराबाहेर एकटा पाऊल टाकू द्यायची नाही.

मामा तेव्हा तीसचा असेल, पण दिसायचा आप्पांहून मोठा. पहिला आठवडा फार वाईट गेला. हात इतके कापायचे की पेला धरता यायचा नाही. डोळे पिवळे होते. लिंबायतच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि सांगितलं की लिव्हर सुजलंय, आता एक घोट जरी घेतला तरी माझ्याकडे आणू नका. हलकं खायला द्या म्हणाले. पण हलकंही पोटात ठरत नव्हतं. माय भाताची पेज करायची, मामा दोन चमचे घ्यायचा आणि मोरीकडे धावायचा.

पुढच्या शनिवारी आप्पा पिशवीत दोनेक शेर माल्ट घेऊन आले. दमणच्या हद्दीवरच्या नाक्यावर पोलिसाने पिशवी उघडायला लावली होती. बाटली असेल या आशेने त्याने कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर जव बाहेर काढले. ते सांगताना आप्पा हसले, पण मायने पिशवी बघितली आणि ती उंबऱ्यातच उभी राहिली. दारूचं धान्य माझ्या घरात नको, असं तिने सांगितलं. आप्पांनी पिशवी खाली ठेवली नाही. हे जव आहेत, ते म्हणाले, दारू पुढे होते, माणसं करतात. आजारी माणसाला जव देतात की नाही गावाकडे. एवढं बोलून ते चुलीपाशी, म्हणजे आमच्या वातीच्या स्टोव्हपाशी, स्वतः बसले. त्यांना मी कधी स्वयंपाक करताना पाहिलं नव्हतं.

माल्ट त्यांनी मिक्सरमधून काढला आणि चाळला. मायने केलेली पेज घट्ट झाली होती, चमचा उभा राहील अशी. ती त्यांनी परत तापवली, स्टोव्ह बंद केला, बोट बुडवून पाहिलं, थांबले, परत पाहिलं. मग त्यात दोन चमचे माल्टचं पीठ घालून ढवळलं, झाकण ठेवलं आणि भांडं गोधडीत गुंडाळलं. थोड्या वेळाने उघडलं तर पेज पाण्यासारखी सैल झाली होती. माझा विश्वास बसेना. मी चाखली. साखरेचा कण न घालता ती गोड झाली होती.

मामाने अर्धी वाटी घेतली. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत बसलो होतो. तो मोरीकडे गेला नाही. भिंतीला टेकून तसाच बसला आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "दाजी, आखो शे का?"

आणखी आहे का. गेल्या कित्येक दिवसांत त्याने खायला मागितलं नव्हतं. आप्पांनी वाटी भरली. माय मोरीत जाऊन भांडी घासू लागली, जी आधीच घासलेली होती.

सोमवारी पहाटेच्या गाडीने आप्पा गेले आणि त्या सकाळी मायने ती पेज स्वतः केली. बोट कुठल्या चटक्याला बाहेर काढायचं हे तिने मला विचारून घेतलं, कारण आप्पांना विचारणं तिला जड गेलं असतं. मग रोज करू लागली. आप्पा दर आठवड्याला थोडा माल्ट आणायचे आणि ती मुकाट्याने डब्यात भरायची. मामा आधी पेजेवर, मग पेज-भाकरीवर आणि मग नुसत्या भाकरीवर आला. थंडी संपेपर्यंत त्याच्या डोळ्यांचा पिवळेपणा गेला. आरशात बघून मिशी कापायला लागला, तेव्हा माय मला हळूच म्हणाली की आता हा वाचला.

त्या थंडीतले रविवार मला सगळ्यात जास्त आठवतात. मामा शेतातला माणूस, धान्य हातात आलं की त्याची बोटं आपोआप चालायची. आप्पांनी त्याला माल्टचं सांगितलं आणि तो म्हणाला, मग ज्वारीचं का नाही होणार. दोघांनी मिळून गच्चीवर ओल्या गोणपाटावर ज्वारी पसरली. आठवडाभर आप्पा नसताना मामा तिला पाणी मारायचा, हाताने खालीवर करायचा, उन्हाच्या वेळी तिच्यावर दुसरं गोणपाट टाकायचा. शनिवारी आप्पांनी एक दाणा बोटांत चोळला आणि मामाच्या पाठीवर हात ठेवला. मामा लहान मुलासारखा लाजला. ज्वारीची ती पेज आम्ही सगळ्यांनी प्यायली. जरा कडवट होती.

पुढे मामाला पर्वत पाटियाजवळ एका दुकानात साड्यांच्या घड्या घालायचं काम मिळालं. मायने सुरुवातीला मला त्याच्याबरोबर पाठवलं. मी शाळेत जाताना त्याला दुकानाच्या जिन्यापर्यंत सोडायची. आपल्या भाचीने आपल्याला पोचवायला यावं याचा त्याला राग आला असेल, पण त्याने तो कधी दाखवला नाही. रस्ताभर तो मला आप्पांच्या खोलीबद्दल विचारायचा. खोली केवढी आहे, फावडं कसलं असतं, ते पिंप हाताने फिरवतात की मशीनने. मला माहीत असेल ते मी सांगायची.

एका रविवारी जेवताना तो आप्पांना म्हणाला, "माले एकदाव लई चाला. मी पेनार नही, दाजी. माले नुसतं देखनं शे."

मायचा हात भाकरीवर थांबला. आप्पांनी नाही म्हटलं. मामाने परत विचारलं नाही, पण जेवण अर्धवट टाकून तो उठला. आप्पा मायला म्हणाले की तिथे नाक्यापासून गेटापर्यंत ओळीने बारच बार आहेत, मी याला कसा नेऊ. मायला ते पटलंच होतं. मलाही पटलं होतं.

पंधरा दिवसांनी, एका बुधवारी, मामा दुकानात जातो म्हणून निघाला आणि परत आला नाही. संध्याकाळी माय दुकानात गेली तेव्हा कळलं की त्याने सुट्टी घेतली होती. दुसऱ्या दिवशी तिने मला शाळेत पाठवलं नाही. आम्ही दोघी स्टेशनवर, बाजारात, शेवटी गल्लीमागच्या त्या बाईकडेही जाऊन आलो. तिने देवाची शपथ घेऊन सांगितलं की तुमचा भाऊ माझ्याकडे कधीच आला नाही. माय तिच्यासमोर हात जोडून रडली. शुक्रवारी सकाळी समोरच्या किराणा दुकानातल्या फोनवर आप्पांचा निरोप आला. मामा दमणच्या सरकारी दवाखान्यात होता. रक्ताच्या उलट्या होत होत्या. आम्ही पोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि तो गेलेला होता. आप्पा दवाखान्याच्या पायरीवर कामाच्या कपड्यांतच बसले होते. जवाचं पीठ त्यांच्या भुवयांवर तसंच होतं.

एका टेम्पोतून आम्ही त्याला सुरतेला आणलं. माय सगळी वाट त्याचं डोकं मांडीवर घेऊन होती. आप्पा समोर बसले होते. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

तेराव्यानंतर पाहुणे गेले आणि घरात आम्ही तिघंच उरलो. त्या दिवशी माय आप्पांना म्हणाली, "तुमना कारखानानी मारं त्याले."

भांडणाचा आवाज नव्हता तो. ती नुसतं सांगत होती. मला वाटलं आप्पा काहीतरी म्हणतील. तुझा भाऊ स्वतःच्या पायाने गेला म्हणतील, किंवा दमणला कारखाना एकच आहे का म्हणतील. ते गप्प बसले. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा मला तेव्हा फार राग आला. वाटलं, म्हणजे ते खरंच असेल.

आप्पांनी काम लगेच सोडलं नाही. दुसरं काही हातात नव्हतं. मायने मात्र साड्यांना टिकल्या आणि खडे चिकटवायचं काम घरी आणलं. दिवसभर वाकून बसायची, डिंकाने बोटांची कातडी निघायची. थोड्या दिवसांनी माझ्या लक्षात आलं की घरात पिठाचे दोन डबे झालेत. एका डब्यातल्या पिठाच्या भाकरी माझ्या आणि आप्पांच्या. दुसऱ्या डब्यातलं पीठ तिने टिकल्यांच्या पैशातून आणलेलं, त्याची एक भाकरी ती शेवटी स्वतःपुरती थापायची. आप्पांच्याही ते लक्षात आलं असणार, कारण ते तिच्या ताटाकडे बघायचं टाळायचे. माल्टच्या डब्यात उरलेलं पीठ तिने एक दिवस गायीला घातलं आणि डबा राखेने घासून ठेवला.

वर्षभराने शेट वारले. त्यांच्या मुलांनी ती थंड खोली बंद केली आणि तयार माल्ट मागवायला सुरुवात केली. आप्पा परत आले आणि पांडेसऱ्याला एका डाईंग मिलमध्ये कापडाचे तागे वाहायला लागले. मायने दोन डबे ठेवायचं बंद केलं. पण आप्पांशी तिचं बोलणं कामापुरतंच राहिलं. मीठ संपलंय, पाणी आलंय, पोरीची फी भरायची आहे. तशीच त्यांची पुढची वर्षं गेली. आप्पांना खोकला लागला होता, तो दमणच्या धुळीचा की मिलमधल्या वाफेचा हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

तोवर मी लग्न होऊन उधन्याला गेले होते. आप्पांना माझ्याकडे काही दिवस विश्रांतीला आणलं होतं. एका दुपारी मी त्यांना नागलीची पेज दिली, तर ते चमचा हातात धरून तसेच बसले आणि आपणहून बोलू लागले.

त्या बुधवारी मामा आधी कारखान्याच्या गेटवर आला होता. पहारेकऱ्याने आत निरोप पाठवला की तुमचा मेहुणा आलाय, खोली बघायची म्हणतो. आप्पांनी जाळीवर माल नुकताच टाकला होता आणि खालची आच वाढवायची वेळ झाली होती. ते सोडून हलता येत नाही. पण तेवढंच नव्हतं, असं ते मला म्हणाले. "राग आला होता मला. नाही सांगितलं तरी आला म्हणून. मी सांगून पाठवलं, घरी जा म्हणावं."

मामा घरी गेला नाही. त्याच्या मृत्यूनंतर आप्पा गेटासमोरच्या बारमध्ये चौकशीला गेले होते. तिथल्या पोऱ्याला मामा आठवत होता. मामा बराच वेळ नुसता बसून होता, काही मागवतच नव्हता. मग त्याने आप्पांच्या कारखान्याची बिअर मागितली, तीही ती काळसर. दोन बाटल्या त्याने घेतल्या. पुढे तिथून कुठे गेला, काय प्यायला, ते कुणालाच माहीत नव्हतं. देशीच्या एका अड्ड्यावर तो दोन दिवस पडून होता, एवढं पोलिसांकडून कळलं.

"बाटली आली तेव्हा त्या पोऱ्याला म्हणाला," आप्पा सांगत होते, "यातला जव माझे दाजी करतात."

मी विचारलं, हे तुम्ही मायला का नाही सांगितलं. ते म्हणाले, काय सांगू. ती म्हणते ते खोटं नाही. पहिली बाटली आमचीच होती. मग म्हणाले की गेटवर गेलो असतो तर दहा मिनिटं लागली असती. माल बिघडला असता, बिघडू दिला असता.

पेज निवून गेली. मी ती परत तापवून दिली नाही, त्यांनीही मागितली नाही. त्यानंतर ते दीड वर्ष जगले आणि हा विषय त्यांनी परत काढला नाही.

ते गेल्यावर मी मायजवळ महिनाभर राहिले. एकदा आम्ही दोघी दारात बसून तांदूळ निवडत होतो आणि मी तिला बारमधली गोष्ट सांगितली. गेटची गोष्ट सांगितली नाही. ती मी आजवर कुणालाच सांगितली नव्हती. बिअरच्या दोन बाटल्या होत्या हे मात्र लपवलं नाही. मला वाटलं ती म्हणेल, मी म्हणतच होते.

ती तांदळात बोटं फिरवत राहिली. मग तिने मला पोऱ्याला म्हटलेलं मामाचं ते वाक्य परत म्हणायला लावलं. मी म्हटलं. अजून एकदा म्हण म्हणाली. मी अजून एकदा म्हटलं.

"हासीसन सांगे का तो?" तिने विचारलं.

हसत सांगत होता का. आप्पांनी तसं काही सांगितलं नव्हतं. त्यांना ते ठाऊकही नसेल. मी हो म्हटलं.